आत्याच्या न्हाणीतली दांडी

माझ्या आत्याचं घर तुम्ही मोडलंत, साहेब. एक वीट न पाडता मोडलंत, आणि वर तिथंच उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतलात. तुमचं नाव इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही नावावरून भांडाल, आणि मला भांडण न्हाणीच्या भिंतीवरून करायचंय.

तुमचा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याच न्हाणीत चंपाआत्याला आंघोळ घालत होते. माझ्या बापाची ही थोरली बहीण. जन्मभर तिनं मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या, नवरा गेल्यावर एकटीनं दोन खोल्यांचं घर राखलं. त्या उन्हाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण खुब्याला असा मार बसला की एका हातानं तिला धरायचं आणि दुसऱ्या हातानं पाणी घालायचं, हे काम माझ्याकडं आलं. मी मागच्या गल्लीत राहायचे. मीही कांड्याच भरायचे. सकाळी तिची आंघोळ उरकायची आणि मग कारखाना गाठायचा.

आत्याचा मुलगा दिनकर पुण्याला नोकरीला. आई पडल्याचं कळल्यावर धावत आला, चार दिवस राहिला, आणि निघताना त्यानं तिच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. पुन्हा पडलीस तर घर विकायचं आणि माझ्याकडं यायचं, तेव्हा रडायचं नाही. आत्यानं हो म्हटलं. ती शब्दाची पक्की होती. तेव्हापासून न्हाणीतली फरशी नुसती फरशी राहिली नाही. तिथं पाय सरकला की घर गेलं.

तर त्या सकाळी दार वाजलं. पोळ नावाचा माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात मोजायची टेप. म्हणाला, योजना आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्या गरीब म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून न्हाणीत आधाराची दांडी बसवून देतो, खरखरीत फरशी घालून देतो, उंबरा उंच असेल तर उतार करून देतो. सगळं फुकट. फक्त घरपट्टीची पावती दाखवा आणि इथं अंगठा करा.

आत्यानं अंगठा केला. फुकट म्हटलं की मला आधी डाव दिसतो. त्यात जाताना त्यानं दाराच्या चौकटीवर लाल रंगानं आकडा घातला. आमच्या गल्लीला लाल आकडा माहीत होता. रस्ता रुंद करायचा होता तेव्हा असेच आकडे पडले होते आणि पुढच्या रांगेतली घरं निम्मी कापली गेली होती. तासाभरात आत्याच्या दारात बायका जमल्या. कुणी म्हणालं अंगठा घेतला म्हणजे घर घेतलं, कुणी म्हणालं म्हातारी गेल्यावर घर त्यांचंच.

आत्या पाटावर बसून केस पुसत होती. म्हणाली, "दांडी लावायला घराची पावती लागती व्हय? आमच्या ह्यांनी तर लगीन लावताना बी इतकी चौकशी केली न्हवती."

बायका हसल्या. मी हसले नाही. मला पोळचा संशय होताच, दिनकरचाही आला. तो गेला आणि लगेच हा कसा उगवला? घर विकायचं असेल तर आधी फरशी नवी करून घ्यायची, तीही फुकटात, म्हणजे भाव चांगला येतो. मी घराचं मूळ खरेदीखत त्याच दिवशी माझ्या घरी नेलं आणि तांदळाच्या डब्यात तळाला पुरलं. मग दिनकरला फोन लावून सरळ विचारलं, की हा माणूस तू पाठवलास का.

तो वैतागला. मग म्हणाला, "शकू, तुला माणसाचं काहीच सरळ दिसत नाही का गं? बसू दे की दांडी. मला तेवढी झोप लागेल."

माझा तेव्हाही विश्वास बसला नाही.

दांडी बसवायच्या दिवशी मी कारखान्यात गेलेच नाही. चांगली हातभर लांब, स्टीलची, दोन्ही टोकांना गोल चकत्या. भिंत ड्रिलनं भोसकली तेव्हा सगळं घर थरथरलं. मी पोळच्या मागं उभी. स्क्रू किती लांब आहेत, कागद कुठं ठेवतोय, कुणाला फोन करतोय, सगळं बघत होते. फरशीचं आणि उंबऱ्याचं काम दुसऱ्या टप्प्यात, असं तो म्हणाला. ते मी मनात टिपून ठेवलं.

दुपारी तुम्ही आलात, साहेब. फोटोवाला बरोबर. तुम्हाला घाई होती. पण आत्यानं तुम्हाला थांबवलं, आठवतं का?

आमच्यात कामाच्या वस्तूला हात लावण्याआधी तिला हळदकुंकू लागतं. माग असो, चरखा असो, नवा कंदील असो. त्याशिवाय ती वस्तू घरची होत नाही. आत्यानं दांडीला हळदीची बोटं ओढली, चकतीच्या भोवती भिंतीलाही ओढली, कुंकू लावलं, आणि लाल सुताचा धागा दांडीच्या डाव्या टोकाला चकतीलगत गुंडाळून गाठ मारली. साधी गाठ नाही. मागावर सुताची तार तुटली की आम्ही जी बारीक गाठ मारतो ती. ओढली की अजून घट्ट बसते. नारळ तिनं तुमच्या हातात दिला आणि म्हणाली, साहेब, तुम्ही फोडा, तुम्ही आणलीया. तुम्ही घड्याळ बघत फोडलात. पाणी तुमच्या बुटावर उडालं.

मग फोटो. आत्याचा हात दांडीवर, शेजारी तुम्ही.

तुम्ही गेल्यावर आत्यानं मला न्हाणीबाहेर काढलं. पाणी आत ठेव म्हणाली, आणि आतून कडी लावली. कडी. उन्हाळ्यापासून त्या दाराला कडी लागली नव्हती. मी बाहेर जीव मुठीत धरून उभी. आत तांब्याचा आवाज, पाण्याचा आवाज, आणि मग आत्याचं गाणं. लग्नात घाण्याच्या वेळी म्हणतात त्यातलं. म्हातारी तासभर बाहेर आली नाही. आली तेव्हा नेसलेली, केस बांधलेले, आणि मला म्हणते कशी, "उद्यापास्नं तू तुझ्या टायमाला कामावर जा. माझी पाठ बघून कटाळली असशील."

माझे डोळे भरले, हे खरं. पण खरेदीखत मी डब्यातून काढलं नाही.

आठवडाभरानं मी कारखान्यातून आले तर न्हाणीच्या भिंतीला नुसती भोकं. आत्या शांत बसली होती. सांगितलं, की पोळ आला होता. दांडीचा माल हलका निघालाय, गंज धरेल, बदलून आणतो म्हणाला. चांगला बोलत होता. तिनं त्याला चहा पाजला होता.

मी विचारलं, कागद मागितला का कुठला? नाही. अंगठा? नाही. घराचं काही बोलला? काहीच नाही. मी चक्रावले. मी दाराला डोळे लावून घराचे कागद राखत होते, आणि त्यानं नेलं काय, तर दांडी.

सोमवारी आणतो म्हणाला होता. सोमवार गेला, पुढचाही गेला. फोन उचलेना. इकडं एक नवीनच धोका झाला. दांडी लागायच्या आधी आत्या न्हाणीत जपून वागायची, भिंतीला चिकटून, माझा हात धरून. आता तिचा हात आपोआप दांडीच्या जागेवर जायचा. दांडी नसताना ती सावध होती, दांडी येऊन गेल्यावर ती सावधपणाच विसरली. दोनदा मी तिला मध्येच धरलं. दोन्ही वेळा तिनं आपल्या हाताकडं असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

हनीफमास्तर आमच्या पलीकडच्या वस्तीत राहायचे. माग बिघडला की दुरुस्त करणारा जॉबर, आत्याच्या नवऱ्याच्या जोडीनं उभा जन्म काढलेला माणूस. लकव्यानं त्यांचा एक पाय आणि एक हात गेला होता. आजारी आहेत कळलं म्हणून मी बघायला गेले, तर म्हणाले, "शकूबेटी, आमच्याकडं पण साहेबांची दांडी आली. आत न्हाणीत जाऊन बघ. उद्या फोटो आहे."

मी आत गेले. त्यांच्या न्हाणीत स्टीलची दांडी, आणि डाव्या टोकाला चकतीलगत लाल धागा. चकतीच्या खाचेत वाळलेली हळद.

मी मास्तरांना एवढंच विचारलं, हळद कुणी लावली. ते म्हणाले, "आली तेव्हाच होती. सून पुसत होती, मी नको म्हटलं. कुणीतरी मनापासून लावली असेल, आपण कशाला पुसा."

गाठ मी बोटानं चाचपली. ओढली, ती घट्ट बसली. मास्तरांना काही न बोलता मी घरी आले आणि आत्याला सांगितलं. एकच दांडी घरोघर फिरतेय. लावायची, फोटो काढायचा, काढून न्यायची. आज आपल्याकडं, उद्या मास्तरांकडं, परवा अजून कुणाकडं. संशयाची मला इतकी सवय, पण हे माझ्या संशयात कधीच बसलं नव्हतं. मी घर चोरीला जाईल म्हणून राखत होते. म्हातारीचा हात चोरीला जाईल, हे कुणाला सुचतं?

आत्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाली, उद्या रिक्षा बोलाव.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या दारात गर्दी होती. तुम्ही होतात, पोळ होता, फोटोवाला होता. मला बघून पोळचा चेहरा उतरला. मी सगळ्यांच्या देखत सांगितलं, की ही दांडी आमच्या घरची आहे, हळद आमची, धागा आमचा, ही आमच्या भिंतीतून काढून आणलीय. पोळ काही बोलणार होता. तुम्ही त्याला हातानं गप्प केलंत. तुम्ही चिडला नाहीत. तेव्हाच तुमचा डाव मी ओळखायला हवा होता, कारण खोटं पडलेला माणूस चिडतो.

तुम्ही आत्यापुढं वाकलात आणि अगदी गोड आवाजात म्हणालात, "आजी, तुम्हीच सांगा. ही तुमची असेल तर आत्ता काढायला लावतो, तुमच्या घरी बसवतो. चारचौघांत सांगा, म्हणजे झालं."

मला वाटलं, जिंकलो.

आत्या माझा खांदा धरून न्हाणीच्या दारापर्यंत गेली. आत मास्तर उभे होते. फोटोसाठी त्यांना आधीच उभं केलं होतं. एक हात दांडीवर, लुळा पाय फरशीवर आडवा. ते म्हणाले, "वहिनी, तुमची असेल तर न्या. मी काय, भिंत धरून भागवीन."

भिंत धरायला त्यांचा दुसरा हात उठत नव्हता, हे आत्यालाही दिसलं. तिनं धाग्यावर बोट फिरवलं. त्या गाठीवर थांबली. मग मागं वळली.

"न्हाई," म्हणाली. "ही माझी न्हवं."

तुम्ही विचारलंत, नक्की ना. आत्या म्हणाली, "माझ्या दांडीची गाठ मला वळखू येती. ही न्हवं. ही मास्तरांची. आता हिला हितनं हलवायची न्हाई, एवढं सगळ्यांच्या म्होरं सांगा."

तुम्ही हसून सांगितलंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला.

रिक्षात मी आत्याला वाट्टेल ते बोलले. ती ऐकत राहिली. नंतर म्हणाली, "तुला त्यांचा पाय दिसला न्हाई का? मला धरायला तू हाईस. त्यांना काय त्यांची सून न्हाऊ घालणार हाय?" आणि गल्ली जवळ आली तशी तिनं माझा हात आपल्या मांडीवर दाबून धरला. म्हणाली, मास्तर असेपर्यंत ह्यातलं अक्षर कुणाला सांगायचं नाही. दिनकरला तर नाहीच. तो पाना घेऊन मास्तरांच्या दारात जाईल. घे शपथ. मी घेतली.

पोळ चार दिवसांनी मास्तरांकडं दांडी बदलायला गेलाच. मास्तर न्हाणीत शिरले, आतून कडी घातली, आणि आंघोळ चाललीय म्हणून सांगितलं. दुपार झाली तरी आंघोळ चालूच. शेवटी पोळ गेला. पुन्हा आला, पुन्हा आंघोळ. मग त्यानं येणंच सोडलं. ही हकिगत आत्याला सांगितली तेव्हा ती हसून हसून दमली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "एवढा स्वच्छ तर मास्तर लग्नात बी न्हवता."

ते तिचं मी ऐकलेलं शेवटचं हसणं.

त्याच महिन्यात एका सकाळी मी चुलीवरचं पाणी उतरवत होते. आत्या पुढं होते म्हणून आत गेली. तांब्या पडल्याचा आवाज आला आणि त्याच्यामागं दुसरा. ती फरशीवर आडवी पडली होती, उजवा हात भिंतीकडं वर. या खेपेला हाड मोडलं होतं. तिच्या नखांत भिंतीचा गिलावा होता आणि चकतीभोवती तिनंच लावलेली हळद.

दिनकर आला. ऑपरेशन झालं. त्यानं एकच प्रश्न विचारला, दांडी असताना आई पडली कशी. मी म्हटलं, ती काढून नेली. कुठं आहे? शपथेमुळं ते मला सांगता येईना. तो म्हणाला, चल, ऑफिसात विचारू.

तुमच्या टेबलासमोर आम्ही दोघं उभे होतो, साहेब. तुम्ही फोटो काढून दाखवलात. आत्याचा हात दांडीवर. म्हणालात, आमच्याकडून काम पूर्ण आहे. मी म्हटलं, तुम्ही ती काढून नेलीत आणि दुसऱ्याकडं बसवलीत. तुम्ही दिनकरकडं वळून समजुतीच्या सुरात बोललात, की तुमच्या बहिणीनं हाच आरोप त्या दिवशीही केला होता, पण तुमच्या आईंनी चारचौघांत सांगितलं, ती आमची नाही. आता घरातली वस्तू घरातून कुठं गेली, ते आम्ही कसं सांगणार?

बाहेर आल्यावर दिनकर पायरीवर थांबला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "भंगारात किती आले, शकू?"

आत्यानं त्याला काहीच सांगितलं नाही. शुद्धीत होती तेव्हाही नाही. मी खाटेजवळ बसले की ती फक्त माझ्या ओठांकडं बघायची, मी शपथ मोडते का ते बघायला. तिनं तिचा शब्द पाळला, पुण्याला गेली, रडली नाही. खरेदीखत मी तांदळाच्या डब्यातून काढून दिनकरच्या हातात दिलं. त्यावरूनही त्याला वाटायचं ते वाटलंच, की हे हिच्या डब्यात कसं. दिवाळीनंतर आत्या गेली. मला कळवलं ते चौथ्या दिवशी. घर दिनकरनं विकलं, आता तिथं दुसऱ्यांचं बिऱ्हाड आहे.

आत्याचा तो फोटो तुम्ही योजनेच्या फलकावर लावलात. बसस्टँडसमोर तो कितीतरी वर्षं होता. येता जाता मी बघायचे. जवळ गेलं की दांडीच्या डाव्या टोकाला लाल ठिपका दिसायचा. धागा आहे तो.

मागच्या आठवड्यात हनीफमास्तर गेले. नव्वदीला आले होते, न्हाणीत एकदाही पडले नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा सुनेनं मला आत नेऊन दांडी दाखवली. धागा पांढरा पडलाय. गाठ तशीच आहे. माझी शपथ संपली, म्हणून हे लिहिते.

दिनकर पुण्यात त्याच घरी राहतो. त्या पायरीपासून आजपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. पत्ता मी देते. तुम्ही रिटायर झालात, तुम्हाला आता घाई नसेल. त्याच्या दारात जा आणि एकदा तोंडानं सांगा, साहेब. त्याच्या आईनं हात पुढं केला, तेव्हा त्या भिंतीवर दांडी का नव्हती? ती कुणी नेली, मी की तुम्ही?